वारांची वाटणी

आई : म्हणजे नातवाला सांभाळायचं आम्हीच, पण तुझ्या अटींवर.

लेक : अटी नाहीत गं आई. एवढंच म्हटलं, की भिंतीवर तक्ता नको आणि चांदण्या नकोत.

आई : सात महिन्यांच्या पोराला कोण चांदण्या वाटतंय?

लेक : आज नाही वाटणार. अजून वर्षभराने वाटशील. चमचा नीट धरला, एक चांदणी. रडला नाही, दोन चांदण्या. पाच झाल्या की एक गोष्ट. मी गेलेय त्यातून.

बाबा : हळू बोला दोघी. ढब्बू आत्ता कुठे झोपलाय आत.

लेक : आणि बाबा, तुम्ही त्याला स्वप्नं विचारायची नाहीत.

बाबा : अगं, त्याला अजून दात नाहीत. स्वप्नं काय विचारू?

लेक : दात आल्यावर विचाराल.

बाबा : बरं. नाही विचारणार.

आई : तू असं बोलतेस, जसं काही आम्ही तुझा छळच मांडला होता. जन्मभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं आम्ही दोघांनी. मूल कसं वाढवावं याचा आमच्याइतका विचार या गल्लीत कुणी केला नसेल.

लेक : तेच तर म्हणतेय मी. विचार फार झाला.

आई : मग ठेव पाळणाघरात. कुणी धरून ठेवलंय तुला?

लेक : संध्याकाळी त्या पाळणाघरातल्या बाईंचा फोन येणार आहे. एकच जागा राहिलीय. घ्यायची की सोडायची, आजच सांगायचंय. परवापासून मला कामावर जायचंय, आणि तुझा जावई निम्मा महिना फिरतीवर. म्हणून आले ना इथे. भांडायला नाही आले.

आई : परक्या बाईला काही अट नाही, आणि सख्ख्या आजीला आहे. छान.

लेक : परक्या बाईने मानसशास्त्र शिकवलेलं नाही, आई.

बाबा : हा मुद्दा बिनतोड आहे.

आई : घ्या, तिचीच बाजू घ्या. आयुष्यभर तेच केलंत.

बाबा : आयुष्यभर नाही. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी.

लेक : हसू नका बाबा. खरंच हसू नका. मी परवा ह्यांना सांगितलं ते वारांचं. आधी त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग हसत सुटले. मग हसू आवरून म्हणाले, तू हे आजवर मला का सांगितलं नाहीस? मी म्हटलं, मला दहावीपर्यंत वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच असतं.

आई : त्यात लपवण्यासारखं काय होतं? तू झालीस तेव्हा आमची रोज जुंपायची. मी वर्तनवाद शिकवत होते, नुसता शिकवत नव्हते, मला तो पटला होता. मूल रडलं की दर वेळी उचललं, तर आपण त्याला रडायलाच शिकवतो. शांत असलं की जवळ घ्यायचं, रडलं की लक्ष द्यायचं नाही. आपोआप कमी होतं. आणि हे तुझे बाबा पाळण्यापाशी उभे. म्हणायचे, जे रडणं कुणी ऐकत नाही ते जात नाही, आत दडून बसतं.

बाबा : मनोविश्लेषण. आमच्या विभागात मला स्वप्नसर म्हणायची मुलं. हिला वर्तनमॅडम. वर्गात पोरांना मजा यायची. एका तासाला मी मनाच्या तळघरात न्यायचो, पुढच्या तासाला ही सांगायची की तळघर-बिळघर काही नाही, दिसतं तेवढंच खरं.

आई : तीन महिने भांडलो. मग आमचे विभागप्रमुख वैतागून म्हणाले, अहो, वेळापत्रक करा. त्यांनी चेष्टेत म्हटलं. आम्ही घरी येऊन केलं.

लेक : सोमवार, बुधवार, शुक्रवार मॅडमचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार सरांचे.

आई : दोघांना सारखं. अन्याय कुणावरच नव्हता.

लेक : माझ्यावर सोडून.

बाबा : तो प्रयोग नव्हता, बाळा. तडजोड होती. आम्हाला भांडायचं नव्हतं तुझ्यासमोर.

लेक : माहितीये मला. म्हणून तर कुणावर धड रागावताही येत नाही. दोघंही इतके चांगले होतात. मारलं नाहीत, ओरडला नाहीत. आई, तू रडण्याकडे पाठ फिरवायचीस ना, तेव्हासुद्धा तुझ्या तोंडावर राग नसायचा. पद्धत म्हणून फिरवायचीस. आणि दुसऱ्या दिवशी बाबा मांडी घालून समोर बसायचे. सांग, काल आईने पाठ फिरवली तेव्हा तुला काय वाटलं. मला वाटायचं, काल वाटलं होतं ते कालच संपलं. आता कुठून आणू?

बाबा : तू द्यायचीस काहीतरी उत्तर.

लेक : रचून द्यायचे. तुम्हाला आवडेल असं. स्वप्नंसुद्धा रचायचे. विहीर आणि जिना घातला की तुम्ही खूश व्हायचात.

बाबा : विहिरीचं खरं नव्हतं?

लेक : नव्हतं.

बाबा : मी त्यावर निबंध वाचला होता परिसंवादात.

आई : मी तेव्हाच म्हटलं होतं.

लेक : आणि मी आठवीत असताना तुम्ही दोघं कसल्याशा शिबिराला जाऊन आलात.

आई : मानवतावादी समुपदेशनाचं. चांगलं होतं ते शिबिर.

लेक : असेल. पण त्यानंतर वर्षभर मी काहीही बोलले की तुम्ही तेच मला परत सांगायचात. मला भूक लागली म्हटलं की, "तुला भूक लागलीय असं तुला जाणवतंय." हो, जाणवतंय. ताट वाढा ना.

बाबा : विनाअट स्वीकार म्हणतात त्याला.

लेक : जेवण उशिरा मिळायचं एवढं मला आठवतं.

आई : सगळं वाईटच आठवतंय तुला. काहीच चांगलं नव्हतं का?

लेक : होतं. साखरेचा खेळ.

बाबा : कुठला गं?

लेक : तुम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचात ना, हा विषय सुरू कसा झाला ते. जुन्या काळी प्रयोगशाळेत माणसांना बसवून विचारायचे, तुला आत नेमकं काय जाणवतंय. तुम्ही घरी माझ्यावर सराव केलात. जिभेवर साखरेचा खडा ठेवायचा, पण साखर म्हणायचं नाही, गोड म्हणायचं नाही. जिभेला काय होतंय तेवढंच सांगायचं. मी म्हटलं होतं, आधी टोचतंय, मग ओलं होतंय, मग कानाच्या मागे काहीतरी बारीक हलतंय. तुम्ही कान देऊन ऐकत होतात. नंतर त्याचा अर्थ काढला नाहीत.

बाबा : रचनावाद. तो केव्हाच मागे पडला, बाळा. प्रत्येक जण वेगळंच सांगायचा, ताळमेळ बसेना. मी पहिल्या आठवड्यातच संपवायचो तो.

लेक : मला तेवढाच आवडला होता. तो, आणि रविवार.

आई : रविवारी काय करायचो आपण?

लेक : काही नाही. रविवार कुणालाच दिलेला नव्हता ना. तुम्ही आठवडाभराचे दमलेले. गाद्या दुपारपर्यंत तशाच. पेपरांचे गठ्ठे उशाशी, बाबांचं घोरणं, आणि मी मध्ये. कुणी काही विचारायचं नाही, कुणी काही द्यायचं नाही. मी रडले तर आई झोपेतच हात टाकायची अंगावर. पद्धत विसरून.

आई : मला नाही आठवत.

लेक : तू झोपेत असायचीस.

बाबा : गेस्टाल्ट शिकवताना, म्हणजे तो समष्टिवाद, मी फळ्यावर नेहमी एक वाक्य लिहायचो. सुटे सूर म्हणजे गाणं नव्हे. अनुभवाचे तुकडे करून अनुभव कळत नाही, तो अख्खा बघावा लागतो. पोरं उतरवून घ्यायची. मी ते लिहून घरी यायचो आणि बघायचो, आज वार कोणता.

आई : तुम्ही आता तिला खूश करायला बोलू नका. मलाही वाईट वाटू शकतं.

बाबा : खूश करायला नाही बोलत. आज पहिल्यांदाच सुचलं.

लेक : आई, माझा हात मोडला होता, आठवतंय?

आई : न आठवायला काय झालं? तिसरीत होतीस. गुरुवारी सकाळी जिन्यात पडलीस. ह्यांनी चपलासुद्धा न घालता तुला उचलून दवाखान्यात नेलं होतं. मी मागून रिक्षाने आले.

लेक : गुरुवारी नव्हते पडले.

आई : म्हणजे?

लेक : बुधवारी संध्याकाळी पडले. मागच्या कट्ट्यावरून. तेव्हा तू स्वयंपाकघरात होतीस. मी दारापर्यंत आले आणि थांबले. बुधवार तुझा होता. रडले असते तर तू पाठ फिरवली असतीस, आणि मला तेव्हा ते सोसलं नसतं. म्हणून म्हटलं, उद्या सांगू. उद्या बाबांचा वार.

आई : तू रात्री जेवलीस आमच्याबरोबर.

लेक : डाव्या हाताने. तू म्हणालीस, आज शहाण्यासारखी गप्प जेवतेय. मला दोन चांदण्या मिळाल्या त्या दिवशी.

बाबा : अरे देवा.

लेक : सकाळी तुमच्यापाशी आले, बाबा. म्हटलं हात दुखतोय. तुम्ही विचारलंत, हे दुखणं कधीपासूनचं आहे असं वाटतं तुला? मी जिन्यात पडल्याचं रचलं. मग तुम्ही बाही वर केलीत, हात सुजून टम्म झालेला. पुढचं खरंय. अनवाणीच पळालात. वाटेत रडत होतात. मला आठवतं ते.

बाबा : डॉक्टर म्हणाले होते, सूज आजची वाटत नाही. मी त्यांच्याशी वाद घातला. आमची मुलगी काही लपवत नाही म्हणालो.

आई : रात्री मी बघायला आले होते तुला. दारातून. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. हुं नाही की चूं नाही. मला वाटलं, झोपली. ह्यांना येऊन म्हटलं, बघा, आठवडाभर एकदाही रडून झोपली नाही. जमलं की नाही? मला इतका अभिमान वाटला होता गं तुझा.

लेक : आई, राहू दे.

आई : राहू दे कसं? मी दारात उभी होते. चार पावलं आत आले असते तर कळलं असतं मला. इतकी वर्षं तू हे पोटात ठेवलंस, आणि मी वर्गात मुलींना सांगत होते, माझ्या घरचं उदाहरण देते. फार वाईट वाटतंय मला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

लेक : तुला वाईट वाटावं म्हणून नाही सांगितलं मी.

आई : मग का सांगितलंस? आज का?

लेक : गेल्या आठवड्यात ढब्बू रडत होता. हे गावाला गेलेले. मी सगळं करून पाहिलं होतं. दूध झालं, कपडे बदलून झाले, फेऱ्या मारून झाल्या. मग मी त्याला खाली ठेवलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर उभी राहिले. मोबाइलवर टायमर लावून. एवढा वेळ जायचं नाही, मग डोकवायचं, मग त्याच्या दुप्पट वेळ जायचं नाही. पुस्तकात दिलं होतं तसं.

बाबा : तू पुस्तकं वाचतेस?

लेक : पाच आणलीत. एक म्हणतं उचला, एक म्हणतं उचलू नका. एक म्हणतं त्याच्या मनात काय चाललंय ते शब्दांत सांगा. ते मी गॅलरीत उभं राहून केलं तर खालचा वॉचमन वर बघायला लागला. कामावर, प्रयोगशाळेत, माझं बरं असतं. पाण्याचा नमुना आला, तपासला, पिण्याजोगा आहे किंवा नाही. दोन माणसांनी तपासलं तरी एकच उत्तर येतं. इथे तसं काहीच नाही.

आई : मग? थांबला का तो रडायचा?

लेक : थांबला. आणि मला ना, आई, छान वाटलं. जमलं म्हणून. मग मी दार उघडलं तर तो जागाच होता. भिंतीकडे तोंड करून पडलेला. डोळे उघडे. मला पाहून त्याने मान पण वळवली नाही. तेव्हापासून मला झोप नाही. तशी आधीही नव्हती, पण आता तो झोपला तरी मला येत नाही.

बाबा : म्हणून आलीस तू.

लेक : सांभाळायचं काय, कुणीही सांभाळेल. त्या पाळणाघरातल्या बाई बऱ्या आहेत. मी विचारायला आलेय तुम्हाला. तुम्ही दोघांनी आयुष्य घातलंत या विषयात. सगळे वाद शिकवलेत. मला एकदा सांगा, बरोबर कोण आहे? मूल रडलं की उचलायचं की नाही उचलायचं? तुम्ही सांगाल तसं मी करेन. मला आता ठरवायचं त्राण नाही.

आई : तुम्ही सांगा.

बाबा : मी?

आई : मी माझं सांगितलं तेव्हा काय झालं ते ऐकलंत ना आत्ता.

बाबा : अगं, मी काय सांगू? आमच्या परीक्षेत विचारायचे, वर्तनवाद आणि मनोविश्लेषण यांची तुलनात्मक चर्चा करा. दर वर्षी हाच प्रश्न. बरोबर कोण, असं कधी कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी वर्गातून बाहेर गेलो असतो. माझ्याकडे सल्ल्याला यायची ती सगळी मोठी झालेली माणसं. काहीतरी बिनसलेलं असायचं, मग मागे वळून बघितलं की कारण सापडायचं. नेहमी सापडायचं. पण मूल समोर ठेवून पुढचं सांग म्हटलं, तर मला एकाचंही सांगता आलं नसतं. तुझंही नाही आलं.

आई : मी वर्तनवाद्यांच्या प्रयोगातल्या कबुतरांचं सांगेन खात्रीने. कबुतर कधी टोच मारेल, कधी थांबेल. मला वाटलं, मुलांचंही तसंच असेल.

लेक : तुला इतकी खात्री का होती गं?

आई : खात्री नव्हती. भीती होती. माझी आई आज मांडीवर घ्यायची, उद्या त्याच कारणाला हात उगारायची. सकाळी उठलं की कळायचं नाही, आज कोणती आई. कॉलेजात पहिल्यांदा वर्तनवाद ऐकला आणि मला हायसं वाटलं. असं केलं की तसं होतं, ठरलेलं. म्हटलं, माझ्या मुलीला तरी आधी कळेल, आज काय होणार ते. तिला माझ्यासारखं भेदरून बसायला नको.

लेक : कळायचं, आई. सगळं आधीच कळायचं.

आई : हो. ते आत्ता समजलं मला.

बाबा : या विषयाचं वय ते काय. दीडशे वर्षं धर. त्याच्या आधीही पोरं रडत होती आणि मोठी होत होती. आम्ही दोघं आपले भलतेच घाईत होतो.

लेक : म्हणजे तुम्हालाही माहीत नाही.

बाबा : नाही माहीत.

आई : नाही.

लेक : निदान सांगितलंत तरी. मला वाटलं होतं, आता पुन्हा दोन बाजू ऐकाव्या लागणार.

(आत बाळ रडू लागतं. तिघं एकमेकांकडे बघतात. कुणीच उठत नाही.)

बाबा : उठला.

आई : ऐकू येतंय मला.

बाबा : मग?

आई : ती त्याची आई आहे. मी तिच्या आधी कशी जाऊ? उद्या म्हणेल, तुझी पद्धत लावलीस.

लेक : मला उठवत नाहीये, आई. तू जा ना.

आई : जाऊन काय करू?

लेक : मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. तरी जा.

बाबा : मी दिवा लावतो आतला. अंधारून आलंय.

आई : आले रे, आले. अरे, अरे, किती तो घाम. ये. चल बाहेर आईकडे. अहो, तो पंचा द्या इकडे. त्याचं डोकं ओलं झालंय.

लेक : घेतल्यावर थांबला नाही का?

आई : नाही थांबत.

लेक : फेऱ्या मार.

आई : मारतेय. नाही थांबत. माझ्या खांद्यात ओरडतोय नुसता.

लेक : मग ठेवतेस का खाली?

आई : नाही ठेवत. रडू दे त्याला. मी आहे इथे.

बाबा : दमलीस की मला दे.

आई : देते. इतक्यात नाही.

बाबा : बाळा, तुझा फोन वाजतोय. त्या पाळणाघरवाल्या बाई दिसतात. काय सांगू? झोपलीय म्हणू का?

लेक : द्या इकडे. मीच बोलते. हॅलो. हो, मीच. नाही, जागा नको, तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या. हो, नक्की ठरलं, घरी आजीआजोबा आहेत. हो ना, मागे आवाज येतोय तो त्याचाच, मघापासून रडतोय. नाही हो, तसं काही नाही. एकटा नाहीये तो.